सगळ्या लेकींचं झाड

नत्थू पेंटरने निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर वरून खाली ताणला, मधोमध चिमटीत धरून ओढला आणि सोडून दिला. टप्प असा आवाज झाला आणि पांढऱ्या भिंतीवर निळी रेघ उमटली. ती सरळ आहे हे त्याला दोऱ्यामुळे ठाऊक होतं. डोळ्यांचं म्हणाल तर मोतीबिंदूमुळे त्यांना एकीच्या दोन रेघा दिसत होत्या आणि दोन्हींच्या कडेने धुकं पसरलं होतं.

“हा झाला बुंधा,” तो म्हणाला. “आता मूळ पुरुषाचं नाव सांगा, मॅडम.”

वंदना मॅडम मागे कागदाची गुंडाळी घेऊन उभ्या होत्या. त्या नागपूरच्या विद्यापीठात भाषाशास्त्र विभागाच्या प्रमुख. या महिनाअखेरीला निवृत्त व्हायच्या होत्या.

“पुरुष नाही, नत्थूभाऊ. मूळ बाई.”

“बाई?”

“आदिम आफ्रो-आशियाई. ही सगळ्यांची आई. हिला बोलताना कोणी ऐकलेलं नाही, हिचं एक अक्षर कुठे लिहिलेलं सापडत नाही. पण लेकींचे चेहरे एकमेकींशी इतके मिळतात की आई असलीच पाहिजे. दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असेल.”

“आन् बाप?”

“भाषांच्या झाडात बाप नसतो. आई, मुली, बहिणी. आमच्या शास्त्रात तसंच म्हणतात.”

नत्थूने दोरा गुंडाळून खिशात घातला. आयुष्यात त्याने शे-दीडशे झाडं रंगवली असतील, पण असलं झाड त्याच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

त्याचं मूळचं काम दुकानांच्या पाट्यांचं. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात एके काळी दर तिसऱ्या शटरवर त्याचा हात फिरलेला होता. मोमिनपुऱ्यात तो उर्दू पाट्याही लिहायचा. वाचता एक अक्षर येत नसे, पण वळण असं की जाणत्यांनी मान डोलवावी. मग फ्लेक्स आलं आणि पाट्यांचा धंदा बसला. उरल्या त्या वंशावळी. सावनेर, काटोल, पारशिवनीकडच्या बऱ्या घरांमधून दिवाणखान्याच्या भिंतीवर कुळाचं झाड काढून घ्यायची हौस असते. बुंध्यात मूळ पुरुष, फांद्यांवर मुलगे, पानापानांवर नातू-पणतू. हयात असलेल्याचं पान हिरवं, गेलेल्याचं पिवळं. मुली झाडावर येत नाहीत. मुलगी परक्याच्या झाडाची, असं म्हणायची रीत आहे. आणि परक्याच्या झाडावरही तिचं पान लागत नाही, हे नत्थूइतकं कोणाला ठाऊक असणार? दोन्हीकडची झाडं तोच तर रंगवायचा. एखाद्या घरच्या म्हातारीने फारच हट्ट धरला, तर खाली बुंध्यापाशी बारीक अक्षरांत लेकींची नावं लिहायची आणि पुढे सासरचं गाव: दिली नरखेड, दिली वरूड.

असंच एक झाड मॅडमनी सावनेरला एका विद्यार्थिनीच्या घरी पाहिलं आणि तिथूनच त्याला फोन लावला होता. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फाटतं, त्या म्हणाल्या होत्या, आणि मला मागे काहीतरी न फाटणारं ठेवून जायचं आहे.

नत्थू आपल्या गावाहून, खाप्याहून, रोज बसने नागपूरला येऊ लागला. पहिल्याच दिवशी दुपारी तो व्हरांड्यात डबा उघडून बसला, तोच सरिताचा फोन आला. सरिता त्याची एकुलती एक लेक. हिंगण्याला एका कंपनीत पॅकिंगला होती आणि तिथेच नवरा धर्मेंद्रसोबत दोन खोल्यांत राहत होती.

“बाबा, घरमालकाची मागची खोली खाली होऊन राहिली,” ती म्हणाली. “शनिवारपर्यंत थांबतो म्हणते तो. तुमच्यासाठी धरू का नको?”

“पाहू.”

“पाहू पाहू करता दोन वर्षं झाले. डॉक्टर काय म्हणाले, आठवते ना? ऑपरेशन झालं की महिनाभर डोळ्यात थेंब टाकाले कोणीतरी पायजे. कोण टाकन?”

“शेजारची इंदुताई आहे ना.”

“इंदुताईले पहिले तुमचा डोळा तर दिसला पायजे.”

नत्थूला हसू आलं. पलीकडे सरिता मात्र हसली नाही.

“शनिवारी मले सांगा. हो म्हणा नाही तर नाही म्हणा. त्याच्यानंतर मी इचारणार नाही.”

फोन बंद झाल्यावर त्याने न खाताच डबा बंद केला. अडचण डोळ्यांची नव्हती, रीतीची होती. त्यांच्या भाऊबंदांत बाप लेकीच्या घरी जेवत नाही. बायको प्रेमिला होती तेव्हा दोघं हिंगण्याला जायची ती घरून डबा बांधून, वर पाण्याची बाटली घेऊन. लेकीच्या बाहेरच्या खोलीत बसून आपल्याच घरच्या पोळ्या खायच्या आणि सरिताने स्वयंपाकखोलीच्या दारात उभं राहून पाहायचं. एकदा तिने काही न बोलता वडा-भाताचं ताट आईसमोर ठेवलं. प्रेमिलाचा हात ताटाकडे गेलाही होता, आणि नत्थू खोकला. तेवढाच, साधा खोकला. प्रेमिलाने हात मागे घेतला. पुढच्या वर्षी ती गेली. त्याला आता तीन वर्षं झाली होती, आणि आयुष्यातली एकच गोष्ट परत घेता आली असती तर नत्थूने तो खोकला परत घेतला असता.

दुसऱ्या दिवशी कोळशाने फांद्या आखून झाल्या. मॅडमच्या कागदाबरहुकूम सहा मोठ्या फांद्या होत्या: सेमिटिक, प्राचीन मिसरी म्हणजे इजिप्तची, बर्बर, कुशी, चाडी आणि अगदी कडेला ओमोटिक. सेमिटिक फांदी सगळ्यांत भरगच्च. तिच्यावर अक्कादी, हिब्रू, आरामी, अरबी, इथिओपियाच्या अम्हारिक आणि तिग्रिन्या, अशा किती तरी. नत्थूने चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाला लावून वाचला.

“उर्दू कुठी लावू? अरबीच्या खाली?”

“उर्दू या झाडावर नाहीच. ती आपल्या मराठीची चुलत बहीण.”

“अक्षर तर अरबीचंच आहे. मी माझ्या हातानं लिहिलं आहे जी.”

“अक्षर म्हणजे लुगडं, नत्थूभाऊ. शेजारणीचं नेसलं म्हणून बाई शेजारणीच्या कुळातली होत नाही.”

“आन् शब्द?”

“शब्दसुद्धा उसने मिळतात. वकील, साहेब, हवा, खबर. हे आपण रोज बोलतो, आणि सगळे अरबी. बाजारातून येतात, कचेरीतून येतात. नातं ठरवायचं असेल तर बाजार सोडून चुलीपाशी जाऊन बसावं लागतं. मी, तू, दोन, पाणी, नाव, जीभ, मरण. हे सहसा कोणी उसनं मागत नाही, ज्याच्या-त्याच्या घरचंच असतं.” त्यांनी बोटाने भिंतीवर एकेक जागा दाखवली. “जीभच घ्या. अरबीत लिसान. हिब्रूत लाशोन. चार हजार वर्षांपूर्वीच्या अक्कादीत लिशानु. तिकडे वाळवंटाच्या पलीकडे बर्बर बाया म्हणतात इलेस. आणि मिसरातल्या बाया अगदी शेवटी शेवटी म्हणायच्या, लस.”

मॅडम तासाला निघून गेल्या. नत्थूने इकडेतिकडे पाहिलं आणि कोणी नाही असं बघून तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं: लिसान, इलेस, लस. जीभ दर वेळी एकाच जागी टाळूला लागत होती. त्याने पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

त्या दुपारी भिंतीखाली सतरंजीवर पडल्या पडल्या त्याचा डोळा लागला. व्हरांड्याच्या जाळीतून हिवाळ्याचं ऊन त्याच्या पोटावर पडलं होतं. त्याला दिसलं की कन्हान नदीचं पात्र उन्हाळ्यात असतं तसं कोरडं पडलं आहे, नुसती वाळूच वाळू, आणि वाळूतून बायांची रांग चालली आहे. कोणाच्या डोक्यावर गाठोडं, कोणाच्या कडेवर लेकरू. चालता चालता एकेक जण रांगेतून बाजूला होत होती आणि आपली वेगळी वाट धरत होती. कोणी रडत नव्हतं. मागे वळून कोणी पाहिलं तर बाकीच्या थांबत आणि हात वर करत. सगळ्या एकमेकींशी काहीतरी बोलत होत्या. शब्द त्याला कळत नव्हते, पण आवाज घरचा वाटत होता. जाग आली तेव्हा ऊन सरकून पायांवर गेलं होतं, आणि बराच वेळ त्याला आपण खाप्यात आहोत की नागपुरात ते उमजेना.

तिसऱ्या दिवशी मॅडमना दिवसभर बैठक होती. नत्थूने पानं रंगवली आणि नावं लिहायला घेतली. कागदावर प्रत्येक भाषेपुढे ती कुठे बोलतात तो मुलूख लिहिला होता. हात वळणाचा, चाळीस वर्षांचा. डोळे अर्धवट, मन कुठे वाळूत. लेकींचं नाव आणि पुढे गाव म्हटल्यावर त्या हाताने जे लिहायचं ते लिहिलं. संध्याकाळी मॅडम आल्या आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

“माल्टी, दिली माल्टा,” त्यांनी वाचलं. “हौसा, दिली नायजेरिया. अम्हारिक, दिली इथिओपिया.” आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

नत्थू ओशाळला. “चुकलं का जी? आमच्यात असंच लिहितात.”

“चुकलं म्हणजे काय, नत्थूभाऊ, यांना कोणी दिलं नाही. या आपल्या पायांनी गेल्या.”

“लग्न करून?”

“लग्न नाही. गुरं घेऊन, होड्यांत बसून, पाऊस कुठे आहे ते बघत. ही माल्टी बघा. एवढ्याशा बेटावर जाऊन बसली. अर्ध्याहून जास्त शब्द आता शेजारच्या इटलीकडचे बोलते, लिपीसुद्धा त्यांची, देवही त्यांचा. पण एक-दोन-तीन मोजायला लागली की अरबीची लेक ती अरबीचीच. आणि ही अम्हारिक. आजी, ही बुंध्यातली, मूळची आफ्रिकेतली असावी, असं आमच्यातले पुष्कळ जण मानतात. तिथून सेमिटिक निघाली आणि समुद्राच्या अलीकडे अरबस्तानात येऊन राहिली. हजारो वर्षं गेली. मग तिची एक मुलगी तांबडा समुद्र ओलांडून परत आफ्रिकेत गेली. आजीच्या माहेरी.”

“कोणी बोलावलं होतं?”

“कोणी नाही. गेली आणि राहिली. तिथे कुशी मावश्या होत्याच. त्यांच्याकडून पुष्कळ काही शिकली, वाक्य कसं मांडायचं तेही त्यांच्यासारखं करायला लागली. अजून आहे. कोट्यवधी माणसं बोलतात. मीसुद्धा बोलायचे.”

मग उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं, की त्यांचे वडील भूगोलाचे मास्तर होते आणि शिकवायला इथिओपियात गेले होते. चौथ्या वर्षापासून बाराव्यापर्यंत त्या तिथल्या गल्लीत वाढल्या. मराठी वाचायला शिकायच्या आधी अम्हारिकमधून भांडायला शिकल्या.

“म्हणून हे झाड?” नत्थूने विचारलं.

“म्हणूनही,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरी वंशावळ नाही, नत्थूभाऊ. आजोबांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतली. त्यांच्या वडिलांचं नाव तेवढं ठाऊक आहे. त्यांच्या मागचं कोणी लिहून ठेवलं नाही. आम्ही कोणाच्या भिंतीवर नव्हतोच. मग मी म्हटलं, दुसऱ्यांचं तरी लावून बघू.”

नत्थूला लाज वाटली. न लिहिणाऱ्यांत आपलाही हात होता, हे त्याला न सांगता कळलं. तो ब्रश पुसत राहिला.

“चार नावं तर चार सांगा,” शेवटी तो म्हणाला. “काढून देतो. चार पानांचंही झाड होते, मॅडम.”

मॅडमनी मान हलवली. हो म्हणाल्या की नाही, ते त्याला धुक्यातून नीट दिसलं नाही. जाताना त्या म्हणाल्या, “ते दिली दिली तेवढं पुसा.”

“मंग काय लिहू?”

“काही नको. नुसता मुलूख.”

“नांदते लिहू का जी?”

मॅडम दारात थांबल्या. विभागाच्या भिंतीवर असं काही लिहिलं तर लोक काय म्हणतील, याचा त्यांनी विचार केला असावा, आणि निवृत्तीला किती दिवस उरले आहेत याचाही.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “ज्या गेल्या, त्यांच्यापुढे नांदली लिहा.”

गुरुवारी पिवळी पानं झाली. गाडं एकदोन ठिकाणीच अडलं. इथिओपियाची गीझ आता घरात कोणी बोलत नाही, फक्त चर्चमध्ये प्रार्थनेला लागते. तिचं पान त्याने पिवळं केलं पण देठ हिरवा ठेवला. हिब्रूचं ऐकून तर तो स्टुलावरून खालीच उतरला. सतरा-अठराशे वर्षं ती कोणाच्या घरात बोलली जात नव्हती, आणि मग लोकांनी ठरवून आपल्या लेकरांशी तिच्यातच बोलायला सुरुवात केली.

“गेलेली परत आली?”

“आली. लेकरांशी बोललं की येते,” मॅडम म्हणाल्या.

अक्कादीचं पान पिवळं करून झाल्यावर नत्थूने लाल रंगाचा डबा उघडला आणि पानाच्या वर टपोरा टिपका ठेवला.

“हे काय?”

“वंश थांबला की लाल टिपका देतात. पुढे फांदी नाही.”

“तिला पुढे मुलगी झाली नाही हे खरं आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण अडीच हजार वर्षं ती मातीच्या पाट्यांवर लिहिली गेली. त्या पाट्या वाचल्या तेव्हा कुठे बाकीच्या बहिणींचं नातं आम्हाला नीट कळलं. ती नसती तर हे झाड निम्मंसुद्धा काढता आलं नसतं. टिपका पुसा.”

“पुसतो,” नत्थू म्हणाला. पण फडकं हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

“काय झालं?”

“काही नाही जी. एक टिपका आमच्याही घरी आहे.”

आणि त्याने सांगून टाकलं, भिंतीकडे तोंड करूनच. अठरा वर्षांपूर्वी खाप्यात भाऊबंदांनी देवळाच्या सभामंडपात कुळाची वंशावळ काढायचं ठरवलं. घरचा पेंटर, त्यानेच काढली. त्याच्या स्वतःच्या पानापर्यंत हात आला तेव्हा खाली खुर्चीत बसलेले थोरले चुलतभाऊ बापूजी म्हणाले, नत्थू, तुझ्यावर टिपका दे. ते वाईट मनाने बोलले नव्हते, रीत होती तशी बोलले. नत्थूने दिला. सरिता तेव्हा चौदा वर्षांची होती आणि लाल रंगाचा डबा तिच्याच हातात होता. तिने फक्त डब्याचं झाकण लावलं, इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी ते स्क्रू ड्रायव्हरने उचकटावं लागलं. त्यानंतर ती पुन्हा कधी बापाचा डबा धरायला आली नाही.

मॅडमनी त्याची समजूत काढली नाही. त्या टर्पेंटाइनची बाटली घेऊन आल्या आणि फडक्यावर थोडं ओतलं.

शुक्रवारी फक्त ओमोटिक उरली. मॅडमनी कागदावर तिला बुंध्याशी जोडणारी रेघ तुटक काढली होती.

“आमच्या झाडात अशी रेघ नसते,” नत्थू म्हणाला. “मानूस घरचा असते नाही तर नसते.”

“आमच्यात असते. काही जण म्हणतात ही घरचीच, फार आधी वेगळी झाली. काही म्हणतात, नाही, ही शेजारीण, जवळ राहून राहून सारखी दिसायला लागली. पुरावा दोन्हीकडे थोडा थोडा आहे.”

“मंग तुम्ही काय म्हणता?”

“मी म्हणते, माहीत नाही. तुटक रेघेचा अर्थच तो. माहीत नसताना कोणाला आत घेऊ नये आणि बाहेरही काढू नये.”

“तिले कोणी इचारलं नाही?”

“भाषेला कसं विचारणार, नत्थूभाऊ?”

नत्थूने ब्रशने एकेक तुकडा ओढायला घेतला. तुकडा, मग जागा, मग तुकडा. अशी रेघ काढायला सरळ रेघेपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण दर वेळी थांबावं लागतं. चाळीस वर्षांत त्याने एकदाही ती काढली नव्हती. भाषेला विचारता येत नाही हे खरं, त्याच्या मनात आलं, पण आपली लेक तर बोलते-चालते आहे, रविवारी फोन करते, आणि आपण तिला अठरा वर्षांत एक प्रश्न विचारला नाही. त्या दुपारी त्याला झोप लागली नाही. तो सतरंजीवर पडून झाडाकडे पाहत राहिला. मोतीबिंदूमुळे प्रत्येक पानाभोवती उजेडाचं कडं दिसत होतं, पिवळ्यांच्या भोवतीही.

शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर सरिता हिंगण्याहून गाडी काढून थेट विभागात आली. हेल्मेट हातात, कंपनीचा निळा शर्ट अंगावर. तिने बापाला हाक मारली नाही. आधी ती झाडासमोर उभी राहिली आणि खालून वर, फांदी-फांदीवरून नजर नेत सगळं वाचलं. मान मागे टाकून शेंड्यापर्यंत.

“ह्याच्यात पुरुष मानसं कुठी आहेत, बाबा?”

“नाहीत. पोरीच आहेत सगळ्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या. दहा-बारा हजार वर्षं झाले, ह्याच वंश चालवून राहिल्या.”

तिने कडेच्या फांदीवर बोट ठेवलं. “हे काहून तुटक?”

“घरची का बाहेरची, ते माहीत नाही म्हणून. माहीत नसलं तर असं काढा लागते.” नत्थू स्टुलावरून हळूहळू खाली उतरला. पाय चुकला, तेव्हा तिने दंड धरला. तो तिच्या तोंडाकडे न पाहता म्हणाला, “देवळातला टिपका तुले आठवते?”

“आठवते.”

“राग आला होता?”

सरिताने हेल्मेट स्टुलावर ठेवलं, त्याचा पट्टा बोटाला गुंडाळला.

“राग नाही आला, बाबा. मी नुसती पाहून राहिली होती, की मंग मी कुठी आहे. सगळं झाड पाह्यलं. वाटलं, मांगच्या बाजूनं असन.”

प्रेमिला असती तर तिने लेकीला जवळ घेतलं असतं; त्याला ते जमत नव्हतं. त्याने हातातलं फडकं उगाचच चार घड्या घालून दुमडलं.

“म्या इचारायले पायजे होतं,” तो म्हणाला. “तवाच. आईलेही जेवू द्यायले पायजे होतं.”

सरिताने खिडकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि ते दाखवायची तिला मुळीच इच्छा नव्हती.

“आज शनिवार आहे, बाबा,” ती म्हणाली. “घरमालक फोनची वाट पाहून राहिला.”

“माहीत आहे. दोन मिनिटं थांब. सही राहिली.”

पेंटरची सही म्हणजे नाव आणि गाव. गावावरून पुढचं गिऱ्हाईक शोधत येतं. नत्थू गुडघे टेकून भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात बसला, बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि आधी सगळी अक्षरं मांडून घेतली. शिरोरेघ तो नेहमी शेवटी मारायचा. सरिता त्याच्या मागे उभी राहून वाचत होती. नत्थू पेंटर. स्वल्पविराम. मग पुढचं अक्षर, आणि त्याच्या पुढचं.

“बाबा,” ती म्हणाली, “गाव चुकलं तुमचं. हिंगणा लिहिलं.”

“नाही चुकलं.”

नत्थूने शिरोरेघेसाठी ब्रश टेकवला, पण प्रत्येक अक्षर त्याला दोनदा दिसत होतं. सरिता त्याच्या शेजारी खाली बसली. तिने त्याचं मनगट धरलं, आणि दोघांनी मिळून ती रेघ नावावरून गावापर्यंत नेली. शेवटी शेवटी ती जराशी वर चढली. ती तशीच राहिली.